काट्यावर वजन येईना: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्यावरही न सुटलेल्या बिघाडाचं प्रकरण

एरंडोल तालुक्यातली एक जिनिंग मिल. नोव्हेंबरचे दिवस, कापसाची आवक जोरात, आणि गेटजवळच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर वजन येणं बंद. मिलच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, वजन यायला लागलं. रात्री कॉम्प्युटर बंद झाला आणि सकाळी पुन्हा तीच एरर. मग परत काढलं, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथे नोंदवतात ती जागा) साफ करणारा क्लीनर फिरवला, परत टाकलं, तरीही तेच. काट्यावरच्या मुनिमांना तिथे सगळे नाना म्हणतात. त्यांनी मला जळगावला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता: "भाऊ, काल वजन येत होतं, आज येतज नही!"

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण अशा वेळी जो सल्ला सगळीकडे मिळतो तो इथे पाळला असता तर मिलचा अख्ख्या हंगामाचा हिशोब गेला असता. 'सॉफ्टवेअर काढा, मागे राहिलेली सगळी फोल्डरं आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी पुसा, मग नव्याने टाका' असा तो सल्ला. या प्रकरणात बिघाड मागे राहिलेल्या नोंदीमुळेच झाला होता, पण जी एकमेव गोष्ट कुठल्याही परिस्थितीत पुसायची नव्हती, तीही त्याच कारणाने मागे राहिलेली होती.

काट्याची रचना

जमिनीत बसवलेल्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, म्हणजे वजनाचा दाब ओळखणारे सेन्सर, असतात. त्यांचा सिग्नल केबिनमधल्या इंडिकेटरला जातो आणि तिथे लाल आकड्यांत वजन दिसतं. इंडिकेटरच्या पाठीमागून आरएस-२३२ ची सिरीयल केबल निघते आणि त्या केबलवरून इंडिकेटर तोच आकडा सतत पाठवत राहतो. हल्लीच्या बहुतेक कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरीयल कनव्हर्टर लावतात. विंडोज त्या कनव्हर्टरला कॉम ३, कॉम ४ असा एक नंबर देतं. सॉफ्टवेअर त्या नंबरचा पोर्ट उघडतं, आकडा वाचतं आणि पावती छापतं: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन.

म्हणजे वजन काटा आणि इंडिकेटर करतात, सॉफ्टवेअर ते फक्त वाचतं आणि लिहून ठेवतं. वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं ते काट्याच्या यंत्रणेला, कॉम्प्युटरला नव्हे. त्यामुळे फोनवर नानांना पहिली गोष्ट हीच सांगितली की गाड्या थांबवू नका. इंडिकेटरवरचा आकडा बघून हाताने कच्ची पावती फाडा, शेतकऱ्याची सही घ्या, वेळ लिहा. कापूस भरलेली ट्रॉली घेऊन आलेला माणूस ट्रॅक्टरचं भाडं भरून उभा असतो. कॉम्प्युटर बिघडला म्हणून त्याने दिवसभर ताटकळायचं काही कारण नाही.

सॉफ्टवेअर जुनं, व्हिज्युअल बेसिक ६ मधलं. ही भाषा १९९८ ची. मायक्रोसॉफ्टने तिच्या विकसन-साधनाचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपवला, पण त्यात बनवलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात. आमच्या भागात जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी यांच्याकडे असे प्रोग्राम अजून रोज वापरात आहेत आणि कामाला चोख आहेत. इथे प्रोग्राम प्रोग्राम फाइल्स (एक्स८६) मध्ये होता, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एमडीबी फाइलमध्ये, आणि ती फाइल प्रोग्रामच्या शेजारीच. कॉम्प्युटर विंडोज १० चा, ६४ बिटचा. प्रोग्राम अर्थात ३२ बिटचा.

घडलं ते असं

जिनिंगमध्ये सरकी असते, आणि सरकी तिथे उंदीर. कनव्हर्टरची वायर उंदरांनी कुरतडली आणि भर दुपारी वजन बंद झालं. नवा कनव्हर्टर आणला, लावला. विंडोजने त्याला कॉम ४ दिला, कारण कॉम ३ जुन्या कनव्हर्टरच्या नावे राखीव होता. कनव्हर्टर काढून फेकून दिला तरी विंडोज त्याची नोंद आणि त्याचा नंबर जपून ठेवतं. सॉफ्टवेअर मात्र कॉम ३ शोधत होतं. तो सापडला नाही की पडद्यावर 'रन-टाइम एरर ८००२, इनव्हॅलिड पोर्ट नंबर' अशी खिडकी येते आणि ओके दाबलं की प्रोग्राम बंद होतो. पोर्ट बदलायचा सेटिंगचा पडदा प्रोग्रामच्या आत, आणि प्रोग्राम तर उघडायच्या आधीच मरतो. ज्याने लिहिला त्याने पोर्ट सापडला नाही तर काय करायचं याचा विचारच केला नव्हता.

कॉम्प्युटरवाल्याने मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सेटअप पोर्ट विचारतं, त्याने कॉम ४ दिला. मग आयकॉनवर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडलं. जुनं सॉफ्टवेअर दिसलं की ते असंच उघडायचं, ही आमच्या धंद्यातली सवयच आहे. वजन आलं, पावती छापली गेली, तो गेला. संध्याकाळच्या सगळ्या पावत्या त्याच उघड्या खिडकीतून निघाल्या. सकाळी नानांनी नेहमीसारखं डबल क्लिक केलं आणि ८००२ हजर.

दुसऱ्या वेळी काढून टाकताना त्याने रजिस्ट्री क्लीनर चालवला. त्याने शेकड्याने 'चुका' दाखवल्या आणि त्या पुसल्याही. पण या बिघाडाला त्याचा हात लागणं शक्यच नव्हतं. क्लीनर काय शोधतो? जी नोंद एखाद्या फाइलकडे बोट दाखवते आणि ती फाइल जागेवर नाही, अशी नोंद. पोर्ट = ३ ही नोंद कुठल्याच फाइलकडे बोट दाखवत नाही. तो एक निरोगी आकडा आहे, आणि नवा कनव्हर्टर कॉम ४ वर आहे हे क्लीनरला कुठून कळणार? अशा क्लीनरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. त्यांनी काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही, असं कंपनीने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. मी ते कुठल्याच ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर चालवत नाही.

तारेतल्या पावत्या

केबिनमध्ये गेलो तेव्हा नाना कच्च्या पावत्या फाडत होते आणि बाहेर रांग हळूहळू सरकत होती. त्यांनी सगळा क्रम सांगितला आणि शेवटी सहज एक वाक्य टाकलं: "आणि काल संध्याकाळी अजून एक गंमत झाली. धरणगावकडच्या एका गाडीचं भरलेलं वजन दुपारी झालेलं होतं. रिकामी होऊन काट्यावर आली तर कॉम्प्युटर म्हणे अशी गाडीच नाही."

माझ्या दृष्टीने हे वाक्य एररपेक्षा महत्त्वाचं होतं. दोन वजनांचा व्यवहार अर्धा राहतो तेव्हा पहिलं वजन डेटाबेसमध्ये थांबून असतं. दुपारी घेतलेलं वजन संध्याकाळी नाही, याचा अर्थ संध्याकाळचा प्रोग्राम दुपारच्या डेटाबेसमध्ये बघतच नव्हता.

टेबलाजवळ खिळ्याला तार अडकवलेली होती आणि तिच्यात दिवसाच्या पावत्यांच्या ऑफिस-प्रती ओवलेल्या. ती काढून घेतली. आदल्या दिवशी दुपारपर्यंतच्या पावत्यांवर चार आकडी नंबर, क्रमाने चढत गेलेले. त्यानंतरची पावती: नंबर १. मग २, ३, आणि पुढे पंधरा-वीस. नानांनी ते पाहिलं होतं, पण नवीन सॉफ्टवेअर टाकलं म्हणजे नंबरही नव्याने सुरू होत असेल, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटेल.

आता प्रश्न बदलला होता. 'पोर्ट का सापडत नाही' एवढाच तो राहिला नव्हता. एकाच कॉम्प्युटरवरचा एकच प्रोग्राम डबल क्लिकने उघडला तर वेगळं वाचतो आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला तर वेगळं वाचतो, पोर्टही आणि डेटाही.

प्रोग्राम नेमकं काय वाचतो

रजिस्ट्री एडिटर उघडून पाहिलं. एचकेएलएम, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरसाठीच्या नोंदींचा भाग, त्याखाली सॉफ्टवेअर, त्याखाली वॉव६४३२नोड, त्याखाली सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात पोर्ट = ४. अगदी बरोबर. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रामच्या नोंदी वॉव६४३२नोडखाली जातात, त्यामुळे जागाही बरोबर. बहुतेक जण इथेच फसतात: रजिस्ट्रीत ४ आहे, प्रोग्राम ३ मागतो, म्हणजे प्रोग्रामच खराब, टाका पुन्हा.

मग डबल क्लिक करून प्रोग्राम उघडला आणि ८००२ ची खिडकी ओके न दाबता तशीच ठेवली. ती उघडी असेपर्यंत प्रोग्राम जिवंत असतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर उजवं क्लिक करून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा कॉलम चालू केला. या प्रोग्रामपुढे 'एनेबल्ड'. खिडकी बंद केली, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, तर त्याच कॉलममध्ये 'नॉट अलाउड'. कोडं इथेच जवळपास सुटलं.

याचं मूळ जुनं आहे. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी, दुकानोदुकानी सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचे, म्हणून प्रोग्राम लिहिणारेही बिनधास्त आपली सेटिंग्ज एचकेएलएममध्ये आणि डेटा प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि या जागा साध्या वापरासाठी बंद झाल्या. जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. ते पडू नयेत म्हणून विंडोजने सोय केली: ज्या ३२ बिटच्या प्रोग्रामने आपल्याला कोणते अधिकार हवेत हे विंडोजला सांगितलेलं नाही, तो बंद जागी लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खाजगी जागेत, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये ठेवतं. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम वाचायला आला की आधी तिथे बघतं, आणि तिथे नसेल तरच खऱ्या जागी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला खऱ्या जागी लिहायचे अधिकार असतात, म्हणून त्याच्यासाठी ही सोय बंद.

नानांना सांगताना वह्यांचं उदाहरण दिलं. समजा शेठजींच्या कपाटात पक्की वही आहे आणि तुम्हाला तिच्यात लिहायची परवानगी नाही. तुम्ही लिहायला गेलात की दिवाणजी हळूच तीच पानं उतरवलेली एक कच्ची वही तुमच्या हातात देतो. तुम्ही वर्षभर तीच लिहिता, तीच वाचता. शेठजी स्वतः आले की कपाट उघडून पक्की वही बघतात, आणि तिच्यात तुमचं काहीच नसतं. नाना लगेच म्हणाले, "म्हणजे काल संध्याकाळी आम्ही शेठजींच्या वहीत लिहिलं!" बरोबर तेच.

खात्रीसाठी मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर चालवलं. प्रोग्राम कोणती फाइल, कोणती रजिस्ट्री नोंद कधी वाचतो ते हे ओळीओळीने दाखवतं आणि फुकट मिळतं. त्यात फक्त हा प्रोग्राम दिसेल असं फिल्टर लावलं, डबल क्लिकने उघडला, आणि पोर्टच्या नावाने शोधलं. वाचन होत होतं एचकेसीयूखालून, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या नोंदींतून: सॉफ्टवेअर, क्लासेस, व्हर्च्युअलस्टोअर, मशीन, सॉफ्टवेअर, वॉव६४३२नोड, आणि मग तेच कंपनीचं फोल्डर. त्यात दोनच व्हॅल्यू होत्या, पोर्ट आणि प्रिंटर. पोर्ट = ३. काही वर्षांपूर्वी कुणीतरी सेटिंगच्या पडद्यावरून तो बदलला असणार. त्या दिवशी तो आकडा नानांच्या खाजगी जागेत गेला आणि तिथेच राहिला.

अनइन्स्टॉल करताना तो का गेला नाही? कारण अनइन्स्टॉलर फक्त सेटअपने ठेवलेल्या वस्तूंची यादी घेऊन फिरतो. प्रोग्रामने नंतर चालता चालता काय लिहिलं ते त्या यादीत नसतं, आणि व्हर्च्युअलस्टोअरमध्ये विंडोजने परस्पर ठेवलेलं तर मुळीच नसतं. आणि रजिस्ट्री एडिटर स्वतः खरी जागा दाखवतं, म्हणून तिथे पाहणाऱ्याला ४ दिसतो आणि प्रोग्रामला ३. दोघंही आपापल्या जागी खरे.

आणि डेटा?

फाइलींसाठीही तीच सोय असते. वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर, त्यात प्रोग्राम फाइल्स (एक्स८६), त्यात सॉफ्टवेअरचं फोल्डर. उघडलं आणि तिथे एमडीबी फाइल दिसली, आदल्या दिवशी दुपारच्या वेळेची, आकाराने भरभक्कम. हंगाम सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या पावत्या, मागच्या हंगामाच्याही, आणि धरणगावकडच्या त्या गाडीचं अर्धवट राहिलेलं वजन.

खऱ्या प्रोग्राम फाइल्समधली एमडीबी मात्र कोरी होती. संध्याकाळच्या पंधरा-वीस पावत्या तिच्या आधीच्या प्रतीत होत्या, आणि ती प्रत दुसऱ्यांदा अनइन्स्टॉल करताना पुसली गेली. ती सेटअपने ठेवलेली फाइल होती ना, यादीत होती. म्हणजे दोन वेळा सॉफ्टवेअर काढूनही हंगामाचा हिशोब वाचला तो केवळ अनइन्स्टॉलरला त्याचा पत्ता नव्हता म्हणून. आणि मागे राहिलेलं सगळं पुसा हा सल्ला मानणाऱ्याने ॲपडेटामधलं कंपनीच्या नावाचं फोल्डर दिसताच डिलीट केलं असतं. हातून काय गेलं ते त्याला कळलंही नसतं.

दुसरा मोहही तितकाच घातक होता. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर वजन येतं ना, मग आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेहमी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' ला टिक करा आणि मोकळे व्हा. एरर गेली असती. पण त्या क्षणापासून नवा हिशोब एका डेटाबेसमध्ये, जुना दुसऱ्यात, आणि पावती नंबर पुन्हा एकपासून. एकाच हंगामात एकाच नंबरच्या दोन पावत्या, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नावे. शेतकऱ्याचं पेमेंट निघतं ते पावतीच्या नंबरावर. त्यावरून उद्या वाद झाला तर मिलकडे दाखवायला काय असतं?

दुरुस्ती

आधी प्रोग्राम पूर्ण बंद केला. ॲक्सेसची फाइल उघडी असते तोवर तिच्या शेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल दिसते. ती नाहीशी झाली हे पाहिलं आणि मगच एमडीबीची नक्कल पेन ड्राइव्हवर आणि मिलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर घेतली. (ही एलडीबी फाइल एरवीही कामाची आहे: प्रोग्राम चालू असताना ती कुठल्या फोल्डरमध्ये उगवते ते पाहिलं की खरा डेटाबेस कुठला ते प्रोसेस मॉनिटरशिवायही कळतं. इथे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की ती प्रोग्राम फाइल्समध्ये उगवत होती.) मग व्हर्च्युअलस्टोअरमधली रजिस्ट्री नोंद एक्स्पोर्ट करून ठेवली.

मग गेटवरची रांग मोकळी करायचं काम. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या नोंदीत पोर्टचा आकडा ३ चा ४ केला. बस. डबल क्लिक, प्रोग्राम उघडला, पडद्यावर इंडिकेटरचा आकडा, यादीत दुपारची अर्धवट गाडी, आणि पुढचा पावती नंबर चार आकडी. दुसराही रस्ता होता: डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून फिकट दिसणारा जुना कनव्हर्टर काढायचा आणि नव्याला कॉम ३ द्यायचा. तोही चालला असता. मी तो घेतला नाही, कारण मग चुकीची नोंद तशीच लपून राहिली असती आणि पुढच्या कनव्हर्टरच्या वेळी मिल पुन्हा याच खड्ड्यात पडली असती.

कायमची दुरुस्ती रात्री, काटा बंद झाल्यावर. व्हर्च्युअलस्टोअरवर हंगामाचा हिशोब ठेवणं बरोबर नाही. ती जागा एका वापरकर्त्याची असते. उद्या मिलने कॉम्प्युटरवर दुसरं नाव तयार केलं, तर त्या नावाने उघडल्यावर डेटाबेस कोरा दिसेल. बॅकअप घेणाराही प्रोग्राम फाइल्समधल्या कोऱ्या फाइलचा बॅकअप इमानाने घेत राहील. ही मिल तेच करत होती, आणि हे कळल्यावर शेठजींचा चेहरा उतरला.

विंडोजची ही सोय फाइलींच्या बाबतीत प्रोग्राम फाइल्स, विंडोज अशा राखीव फोल्डरांपुरती असते. म्हणून प्रोग्राम तिथून काढून डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये टाकला. हा प्रोग्राम आपल्याच फोल्डरमध्ये डेटा शोधतो, त्यामुळे नानांच्या खाजगी जागेतली एमडीबी तिथे आणून ठेवली आणि त्या फोल्डरवर साध्या वापरकर्त्यांना लिहायची परवानगी दिली. रजिस्ट्रीत एचकेएलएमखालच्या फक्त या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरवर तशीच परवानगी दिली, म्हणजे सेटिंगचा पडदा यापुढे खऱ्या जागी लिहील. संपूर्ण एचकेएलएमवर किंवा प्रोग्राम फाइल्सवर अशी परवानगी कधीही देऊ नये. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी नोंद पुसली, कारण ती असेपर्यंत प्रोग्राम तिच्याकडेच वळतो. तिथल्या फोल्डरचं मात्र फक्त नाव बदललं, तारीख जोडून. हंगामाचा हिशोब सीएकडून पूर्ण होईपर्यंत ते तसंच राहू द्यायचं ठरलं.

संध्याकाळच्या पुसल्या गेलेल्या पावत्या तारेवरून नानांनी वाचल्या आणि मी भरल्या. नंबर नवे पडले, म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात जुना नंबर लिहिला आणि तारेतल्या प्रतीवर नवा. हे काम नानांनी ज्या काळजीने केलं ते पाहण्यासारखं होतं. प्रत्येक निव्वळ वजन त्यांनी दोनदा मोठ्याने म्हटलं, धरणगावकडच्या गाडीची वजाबाकी बोटांवर केली आणि मगच मला पुढे जाऊ दिलं.

मग तपासणी: कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डबल क्लिकने उघडला. टास्क मॅनेजरच्या कॉलममध्ये अजूनही 'एनेबल्ड' दिसतं आणि ते बरोबर आहे. सोय चालू आहे, पण आता ती वापरायची वेळच येत नाही, कारण लिहायला जागा मोकळी आहे. एलडीबी फाइल डी ड्राइव्हवर उगवली. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये नवं काही तयार झालं नाही. मुद्दाम कनव्हर्टर काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तर विंडोजने नवा नंबर दिला आणि ८००२ परत आली. ज्या कनव्हर्टरमध्ये स्वतःचा वेगळा सिरीयल नंबर नसतो त्यांच्याबाबत असं होतं, प्रत्येक खाचेला विंडोज नवं उपकरण समजतं. मूळ खाचेत लावल्यावर ठीक. त्या खाचेभोवती लाल टेप लावली आणि वायर लोखंडी पाइपातून घेतली.

हीच लक्षणं दुसरीकडे दिसली तर

काढून पुन्हा टाकल्यावर येणारी प्रत्येक एरर या जातीची नसते, आणि ती कधी येते यावरून बरंच कळतं. सेटअपच पूर्ण होत नसेल, '१७१४' म्हणजे जुनी आवृत्ती काढता येत नाही, किंवा '१६३८' म्हणजे दुसरी आवृत्ती आधीच आहे असं येत असेल, तर विंडोज इन्स्टॉलरच्या स्वतःच्या नोंदी अडकलेल्या असतात. त्या हाताने उपटू नयेत. मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर त्यासाठीच आहे. 'एमएसकॉम३२.ओसीएक्स रजिस्टर नाही' अशी एरर आली तर सिरीयल पोर्ट वाचणारा तो भागच गायब असतो किंवा त्याची नोंद झालेली नसते. कॉम्प्युटरवर अशी दोन जुनी सॉफ्टवेअरं असतील तर एक काढताना दुसऱ्याचाही तो भाग जाऊ शकतो. सेटअप नीट झालं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतं, डबल क्लिकने चालत नाही, किंवा दोन्हीकडे वेगळा डेटा दिसतो, तर थेट व्हर्च्युअलस्टोअर बघा. व्हिज्युअल बेसिकचे काही प्रोग्राम सेटिंग्ज आणखी एका ठरलेल्या जागी ठेवतात: एचकेसीयू, सॉफ्टवेअर, 'व्हीबी अँड व्हीबीए प्रोग्राम सेटिंग्ज'. तीही अनइन्स्टॉल केल्यावर मागे राहते. इथे ती रिकामी होती.

आणि काहीही पुसण्याआधी, त्या फोल्डरमध्ये एमडीबी, डीबीएफ किंवा अशी कुठलीही डेटा फाइल आहे का, तिची तारीख कधीची आहे, आकार किती आहे, हे डोळ्यांनी पाहा. यादी छापून घेतली तरी चालेल.

शेठजींनी विचारलं की हे असं किती वर्षं चालेल. व्हर्च्युअलायझेशन ही तात्पुरती सोय असल्याचं मायक्रोसॉफ्टने सुरुवातीपासून सांगितलेलं आहे. या मिलचा प्रोग्राम आता तिच्यावर अवलंबून नाही, पण ८००२ आली की सेटिंगपर्यंत पोचायच्या आधी मरायची त्याची खोड कायम आहे, आणि ती फक्त बनवणाराच काढू शकतो. पोर्ट बदलायची वेळ आली तर रजिस्ट्रीतली जागा, आकडा आणि लाल टेपची खाच हे सगळं एका कागदावर लिहून केबिनच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं आहे. कापूस संपल्यावर नवं सॉफ्टवेअर बघायचं ठरलं आहे, आणि त्याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये राहणार हे विकणाऱ्याला आधी विचारायचं, असं नानांनी त्याच कागदाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं.